सूर्याचा चावलेला कोपरा

पत्तेवाल्या काकूंच्या स्वैपाकघरातलं घड्याळ कायम मागे असायचं. काका घड्याळजी होते. अख्ख्या रस्त्याच्या मनगटांवरची वेळ त्यांनी आयुष्यभर सांभाळली, पण स्वतःच्या भिंतीवरच्या घड्याळाला कधी हात लावला नाही. काकूंनी एकदा कारण विचारलं, तेव्हा डोळ्याला लावलेलं भिंग न काढता ते म्हणाले, "घरचं काम करताना माणूस घाई करतो. आणि चुकलं तर कबूल करत नाही." काकूंना ते तेव्हा पटलं नाही, पण लक्षात राहिलं. पुढे काका गेले, दुकान राहिलं, दुकानात घड्याळांच्या जागी पत्ते आले, आणि काकांचा नियम जसाच्या तसा पत्त्यांना लागू झाला. काकू घरच्या माणसासाठी पत्ते मांडत नसत.

घरचं माणूस म्हणजे तसं एकच होतं. काकांची थोरली बहीण, काकूंची नणंद. त्यांना घरात आणि बाहेर सगळे ताई म्हणत. ताईंनी लग्न केलं नव्हतं. एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात पुस्तकं शिवण्यात आणि कापण्यात त्यांचा जन्म गेला होता. डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक तिथल्या कागद कापायच्या यंत्रानं नेलं होतं. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. "बाकीची नऊ शाबूत आहेत," एवढंच म्हणत. काका असताना घरात तिघं होती, नंतर दोघी उरल्या. लोक विचारत, तुमचं नणंद-भावजयीचं पटतं कसं? ताई म्हणत, "पटत नाही. पण दोघींनाही सामान बांधायचा कंटाळा आहे."

पत्ते घरात आले ते काकूंच्या बहिणीच्या मुलामुळे. तो जहाजावर आचारी होता. सुट्टीवर येताना काय आणू, असं त्यानं विचारलं तेव्हा काकूंनी पत्त्यांचा एक चांगला जोड मागितला, कारण जुन्या जोडातला इस्पिकचा राजा ताईंच्या चहात पडून फुगला होता. भाच्यानं आणला तो जोड नेहमीपेक्षा जाडजूड निघाला. उघडून बघतात तर आत अठ्ठ्याहत्तर पत्ते. बदाम नाही, किलवर नाही. पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी. शिवाय नुसती चित्रंच असलेले बावीस पत्ते वेगळे: मूर्ख, न्याय, कोसळणारा मनोरा, चंद्र, सूर्य, घोड्यावर बसलेलं मरण.

"जोकर बरेच दिलेत," ताई म्हणाल्या.

बावीस चित्रं बाजूला काढली. प्रत्येक रंगात एक घोडेस्वार जास्तीचा होता, तोही काढला. बरोबर बावन्न उरले. दोघींनी त्यांची रमी खेळायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी, चहाचे कप विसळून झाले की एक डाव. तलवारींची ओळ लावण्यात ताईंचा हात कुणी धरत नसे.

डब्यात एक पुस्तिकाही होती. अक्षरं इतकी बारीक, की ती वाचायला काकूंनी काकांचं भिंग डोळ्याला लावलं. काका जाऊन तेव्हा थोडे महिने झाले होते, आणि काकू दिवसभर दुकानात बसून, दुरुस्तीला आलेली घड्याळं ज्याची त्याला परत करत होत्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा काकांच्या कामाच्या पांढऱ्या कापडावर पत्ते पसरायचे, एक उचलायचा, पुस्तिकेत बघायचा. वेळ जायला बरं होतं.

एके दिवशी बँकेतली एक कारकून बाई आपलं घड्याळ न्यायला आली. पत्ते बघून म्हणाली, "भविष्य सांगता?"

"नाही, वाचतेय," काकू म्हणाल्या. "एक उचला हवा तर."

बाईनं उचलला. मांडून ठेवलेले आठ पेले मागे टाकून एक माणूस डोंगराकडे निघाला आहे, असं चित्र. काकू पुस्तिकेत अर्थ बघणार, तर भिंग सापडेना. त्यांनी खण उघडला, दुसरा खण उघडला, काकांच्या जुन्या डब्या उचकल्या. भिंग कपाळावर होतं. ते सापडेपर्यंत बाईचं अर्धं आयुष्य सांगून झालं होतं, आणि कोणते पेले मागे टाकायचे हेही तिचं तिनंच ठरवलं होतं. काकूंनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा आली. "तुम्ही सांगितलेलं तंतोतंत पटलं," म्हणाली, आणि बरोबर आपल्या जावेलाही घेऊन आली.

काकूंनी त्या दिवशी एक गोष्ट गाठीला बांधली. पत्ता काही सांगत नाही. माणूस सांगतो, पत्ता फक्त त्याला सुरुवात करून देतो. आपण भिंग शोधत राहायचं.

त्यांची रीत त्यातूनच ठरत गेली. गिऱ्हाइकानं स्वतः पिसायचे, स्वतः उचलायचे, स्वतः उलटायचे. काकू आधी विचारणार, "काय दिसतंय?" मग पुस्तिकेत काय आहे ते सांगणार, आणि मग गप्प बसणार. गप्प बसण्यात त्यांच्याइतकं पारंगत त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. कोण किती जगणार, असं कुणी विचारलं तर त्या डॉक्टरकडे पाठवत. नवऱ्याच्या मनात काय आहे, असं विचारलं तर म्हणत, "त्यांना घेऊन या, त्यांनाच विचारू." हो की नाही असा सवाल घेत नसत. नाणं उडवायला पत्ते कशाला हवेत, असं त्यांचं म्हणणं. मरणाचा पत्ता आला की माणसं पांढरीफटक पडत. तेव्हा काकू समजावत, की यात मढं नाही. काहीतरी संपलं आणि जागा झाली, एवढाच याचा अर्थ. नोकरी सुटते, घर बदलतं, दाढ पडते.

"मग त्याला दाढेचा पत्ताच का म्हणत नाहीत?" ताई आतून विचारत. दुकान आणि घर यांच्यामध्ये नुसता एक पडदा होता, त्यामुळे ताईंना सगळं ऐकू यायचं आणि त्यांचं सगळ्यांना.

एका बाबतीत मात्र काकू हट्टी होत्या. आलेला पत्ता बदलायचा नाही, आणि आहे त्यापेक्षा वेगळा सांगायचा नाही. शेजारच्या बेकरीवाल्यानं दुसरं दुकान काढायचं ठरवलं तेव्हा त्याला मनोरा आला. वीज पडतेय, शेंडा उडालाय, माणसं खाली कोसळताहेत. बेकरीवाला पत्ता परत गड्डीत सरकवत म्हणाला, "काकू, हा चुकून आला. दुसरा काढतो."

काकूंनी त्याच्या हातावर हात ठेवला. "काकांकडे घड्याळ आणलं असतंत आणि त्यात बारा वाजलेले असते, तर त्यांनी अकरा सांगितले असते का?"

बेकरीवाला हिरमुसून गेला. मग त्यानं नव्या दुकानातली सगळी वायरिंग बदलून घेतली आणि दुकान उघडलं. ते उत्तम चाललं. तो भेटेल त्याला सांगायचा की काकूंचा पत्ता साफ खोटा ठरला, आणि पुन्हा काही अडलं की आधी काकूंकडेच यायचा.

ताईंना हे सगळं थोतांड वाटायचं. त्या लपवतही नसत. "आमच्या खात्यात याहून बरा कागद रद्दीत जायचा," त्या पत्ता दोन बोटांत धरून म्हणत. पण एका गिऱ्हाइकाच्या मांडीवरच्या बाळानं सूर्याचा पत्ता तोंडात घातला आणि त्याचा कोपरा चावून टाकला, तेव्हा काकू कोपरा नसलेला सूर्य घेऊन आत आल्या आणि काही न बोलता ताईंपुढे ठेवला. ताईंनी त्यांची जुनी पेटी काढली. पातळ कागदाचे थरावर थर खळीनं चिकटवले, वर इस्त्री ठेवली, सकाळी कात्रीनं गोलाई दिली. कोपरा झाला, फक्त पांढरा राहिला.

"पिवळा रंग लावू का?" काकूंनी विचारलं.

"लाव हवा तर. रंग माझ्या खात्यात नव्हता."

काकूंनी लावला नाही. त्यांना तो पांढराच आवडला.

पुढे संध्याकाळची रमी बंद पडली. आधी रोजचा डाव दिवसाआड झाला, मग ताई म्हणाल्या की त्यांना कंटाळा आलाय. काकूंना वाटलं, आपण फार हरतो म्हणून ताईंना मजा येत नसेल. ताई दुपारी खिडकीपाशी वर्तमानपत्र धरून बसत आणि जगात काही नवीन घडत नाही अशी तक्रार करत. काकूंनी एकदा वाकून पाहिलं, तर पेपर गेल्या आठवड्यातला होता. चहा कपाच्या बाहेर जायला लागला. ताई म्हणाल्या, हल्लीच्या किटल्या चांगल्या येत नाहीत. किटली त्यांच्या आईची होती.

मग एक दिवस ताई आतल्या खोलीत गेल्या, आणि तिथे दारामागे टांगलेल्या काकांच्या जुन्या रेनकोटला म्हणाल्या, "बसा ना. ती दुकानात आहे, येईलच."

काकूंनी ते पडद्याआडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्या ताईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या.

डॉक्टर शांत आणि मोजकं बोलणारे होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पूर्ण पिकलेला, डावा त्याच वाटेवर. "फार थांबलात आजी," ते म्हणाले. "आता आणखी थांबलात तर आतला दाब वाढेल, मागची नस जाईल. मग मी ऑपरेशन केलं तरी दिसणार नाही. बुधवारी उजवा करू. त्यानंतर मी महिनाभर नाही, आणि महिनाभर थांबावं असं मला वाटत नाही."

"सुरी लागते?" ताईंनी विचारलं.

"अगदी बारीक."

"बारीक सुरीच खोल जाते," ताई म्हणाल्या आणि उठल्या. दाराऐवजी कपाटाकडे गेल्या. काकूंनी त्यांना वळवलं.

घरी आल्यावर ताईंनी निकाल दिला. मला दिसतं तेवढं पुरे आहे. काकू म्हणाल्या, तुम्हाला दिसत नाही. ताई म्हणाल्या, मग जे नाही ते जाणार तरी कसं? बेकरीवाल्याच्या आईचं ऑपरेशन झालं होतं. ती येऊन बसली, बिस्किटं खाल्ली, काही दुखत नाही असं सांगून गेली. ती गेल्यावर ताई म्हणाल्या, "हिला आधीही काही कळत नव्हतं." काकू रागावल्या, रुसल्या, एक दिवस अबोला धरून बघितला. ताईंनी तो एक दिवस फार सुखात काढला.

खरं कारण ताईंनी एकदाच सांगितलं, तेही भांडी पुसता पुसता. "मी जन्मभर कागद कापला गं. कापायच्या आधी शंभरदा बघता येतं, नंतर नाही. जे सुरीखालून गेलं ते गेलं. तू चिकटवशील, दाबून ठेवशील, पण आधीसारखं ते होत नाही." आणि टोक नसलेलं बोट त्यांनी फडक्यात गुंडाळून घेतलं.

सोमवारी दवाखान्यातून फोन आला. बुधवारची जागा ठेवायची की दुसऱ्याला द्यायची, ते संध्याकाळपर्यंत कळवा. काकू म्हणाल्या, कळवते. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. पडदा हलला आणि ताई बाहेर आल्या. काउंटरच्या कडेवरून हात फिरवत त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीपर्यंत पोचल्या, खुर्ची चाचपली, बसल्या. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

"पत्ते काढ," ताई म्हणाल्या.

"मी घरच्यांसाठी मांडत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मी घरची नाही. गिऱ्हाईक आहे. पडद्याच्या अलीकडे बसलेय."

"तुमचा तर विश्वास नाही."

"तुला विश्वास हवा की गिऱ्हाईक?"

विश्वास नसलेलं गिऱ्हाईकच सगळ्यात नेमानं येतं, हे काकूंना ठाऊक होतं. आणि ते का येतं, हेही. त्याचं मनात ठरलेलं असतं, फक्त ठरवल्याचा दोष दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारायचा असतो. ताईंनी नाही म्हणायचं ठरवलं होतं. पण आपण भीत होतो म्हणून डोळे गेले, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. त्यापेक्षा पत्त्यानं नाही सांगितलं, हे बरं.

"एकच पत्ता," ताई म्हणाल्या. "चांगला आला तर बुधवारी जाऊ. वाईट आला तर विषय संपला. परत डॉक्टरचं नाव काढायचं नाही."

"चांगला-वाईट असं पत्त्यांत नसतं. हो-नाहीचा सवाल मी घेत नाही."

"मग इतकी वर्षं लोकांना काय देतेस?"

"खुर्ची," काकू म्हणाल्या.

"ती मला मिळालीय. आता पत्ते दे."

काकूंनी खणातून गड्डी काढली. क्षणभर ती तशीच हातात धरली. वरचे चार पत्ते हवे ते लावायला त्यांना कितीसा वेळ लागला असता. ताईंना दिसलंही नसतं. पण ताई आधी पिसतील आणि मग मधूनच उचलतील, हे त्यांना माहीत होतं. रमीतही त्या कधी वरचं पान सुखानं घेत नसत. त्यांनी गड्डी ताईंच्या हातात दिली.

ताई पिसू लागल्या. पिसून झालं की त्यांनी गड्डी काउंटरवर ठोकून चारी बाजू सपाट केल्या, जसे छापील कागद शिवायच्या आधी ठोकतात. मग अंगठ्यानं मध्येच फट केली, एक पत्ता ओढून काढला आणि पांढऱ्या कापडावर उलटून, चित्र वर करून ठेवला.

"काय आलं?"

काकूंनी पाहिलं. आठ तलवारी. जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी, आणि त्यांच्यामध्ये हात बांधलेली एक बाई. बाईच्या डोळ्यांवर पट्टी.

अठ्ठ्याहत्तर पत्त्यांत डोळे बांधलेली माणसं दोनच. त्यातलं एक ताईंनी शोधून काढलं होतं.

रस्त्यावरून एक सायकल गेली. बेकरीवाल्यानं शटर अर्धं ओढलं. ताई मान थोडी तिरकी करून वाट बघत होत्या. त्यांची नजर पत्त्याच्या जरा पलीकडे, पेनच्या डबीवर टेकली होती.

"सूर्य," काकू म्हणाल्या.

आपल्याच तोंडातून तो शब्द निघालेला ऐकून त्यांना नवल वाटलं. तो परत घ्यायला हवा होता. पण त्याच्या मागोमाग बाकीचेही बाहेर पडायला लागले. "मोठा पिवळा सूर्य आहे. खाली पांढऱ्या घोड्यावर एक बाळ बसलंय. हात पसरलेत त्यानं. मागे भिंत आहे, आणि भिंतीवरून सूर्यफुलं डोकावताहेत. सगळं स्वच्छ दिसतंय बघा. उजेडच उजेड. याहून चांगला पत्ता गड्डीत नाही."

"अस्सं," ताई म्हणाल्या. "छान आहे."

"आहेच."

"तू नेहमी गिऱ्हाइकाला आधी विचारतेस, काय दिसतंय म्हणून. आज एकदम सांगितलंस."

"तुम्हाला कसं विचारणार?"

"तेही खरं." ताईंनी हात पुढे केला. "दे."

"कशाला?"

"खाणार नाही. दे."

काकूंनी पत्ता दिला. न देण्यासारखं कारण त्यांना सुचलं नाही. ताईंनी तो डाव्या हाताच्या तळव्यावर ठेवला आणि उजव्या हाताच्या तर्जनीनं एक कोपरा चाचपला. मग पत्ता फिरवून दुसरा. मग तिसरा. मग चौथा. पुन्हा पहिल्यावर आल्या आणि थांबल्या.

"माझा कोपरा कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

सूर्याला दुसऱ्या कागदाचा कोपरा आहे, हे काकूंना रोज दिसत होतं. गिऱ्हाइकांना त्या ते कौतुकानं दाखवत. आणि नेमक्या त्या कोपऱ्याच्या मालकिणीला फसवायला त्यांनी अठ्ठ्याहत्तरांतून तोच पत्ता निवडला होता.

"हा सूर्य नाही," ताई म्हणाल्या.

"नाही."

"कोणता आहे?"

"आठ तलवारी."

"त्या मला रमीत यायच्या. पण तेव्हा मी आकडा बघायची, चित्र नाही. काय आहे त्यात? आणि आता नीट सांग, माझ्याकडे बोटं आहेत."

काकूंनी सांगितलं. बाई, दोरी, तलवारी, डोळ्यांवरची पट्टी. ताई न हलता ऐकत होत्या.

"पायही बांधलेत?"

"नाही," काकू म्हणाल्या. "पाय मोकळे आहेत. दोरीही तशी सैलच दिसते. तलवारी मागे आणि बाजूला आहेत. पुढे एकही नाही."

"पुढे वाट मोकळी आहे?"

"हो."

"मग ती तिथे उभी का राहिलीये?"

हा पत्ता आला की काकू गिऱ्हाइकाला नेमका हाच प्रश्न विचारत, आणि मग गप्प बसत. आज तो त्यांना विचारावा लागला नाही. गप्प बसणं तेवढं उरलं होतं, ते त्यांनी केलं.

ताईंनी पत्ता कापडावर ठेवला, कडेला समांतर, बोटानं सारखा करून.

"त्या बेकरीवाल्याला तू मनोरा बदलू दिला नाहीस," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तो रडकुंडीला आला होता. मी आतून ऐकत होते."

"हो."

"आणि मला सूर्य दिलास."

"दिला."

"म्हणजे माझं प्रकरण बेकरीपेक्षा वाईट आहे."

काकू म्हणाल्या, "हो, ताई. वाईट आहे."

ताईंनी टोक नसलेल्या बोटानं काउंटरची कड घासली, जणू तिथे काही खरखरीत लागत होतं. "एवढ्या वर्षांत तू एकदा खोटं बोललीस, तेही इतकं गबाळं," त्या शेवटी म्हणाल्या. "कोपरा तरी बघायचास." आणि उठल्या. पडद्यापाशी जाऊन पुन्हा वळल्या. "त्या डॉक्टरला फोन कर. बुधवारी येतो म्हणावं. आणि त्याला सांग, सुरीला धार आहे ना बघून घे. बोथट सुरी कागद फाडते."

काकूंनी फोन केला. सुरीचं सांगितलं नाही.

बुधवारी काकू दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. सवयीनं पर्समध्ये गड्डी होती, पण त्यांनी ती काढली नाही. ताई बाहेर आल्या त्या नर्सचा हात धरून, उजव्या डोळ्यावर कापूस आणि वर जाळीची टोपी लावून. "तुझ्या पत्त्यातली बाई आली," त्या म्हणाल्या. "हात तेवढे मोकळे आहेत."

"दुखलं का?"

"नाही. पण गाणं लावलं होतं त्यांनी. ते दुखलं."

पट्टी दुसऱ्या दिवशी निघाली. दोन-तीन दिवस ताई घरभर हिंडत होत्या आणि काही ना काही शोधून काढत होत्या. कपाटावर धूळ आहे. पडद्याचा रंग निळा आहे. त्यांना तो करडा वाटत होता. दारामागच्या रेनकोटपाशी त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि त्याचं वरचं बटण लावून आल्या. एकदा स्वैपाकघरात काकूंच्या अगदी समोर येऊन थांबल्या.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"होतच होते हळूहळू."

"सांगायचंस."

"काय सांगायचं त्यात?"

"मी तुला सारखी म्हातारी होतेस म्हणून बोलायचे. मला वाटायचं मी उगाच बोलतेय."

मग त्यांची नजर वर भिंतीकडे गेली. "हे घड्याळ मागे आहे."

"कायमचंच आहे."

"मला वाटायचं, तू सकाळचा चहा उशिरा करतेस."

डॉक्टर महिन्यानं आले की डावा डोळा करायचा होता. काकूंनी भीतभीत विचारलं, जायचं ना? ताई म्हणाल्या, "जायचंच. पत्ता काढायची गरज नाही. तू काय सांगशील ते मला माहीत आहे."

त्या संध्याकाळी चहाचे कप विसळून झाले. ताईंनी दुकानात जाऊन स्वतः गड्डी आणली. बावीस चित्रं बाजूला काढली, चार घोडेस्वार काढले. चित्रं काढता काढता सूर्य हाताला लागला, तो दिव्याखाली धरला.

"काय पांढराफेक कोपरा आहे हा. मला वाटलं, तू रंग लावला असशील."

"लाव हवा तर, म्हणाला होतात. लावच असं म्हणाला नव्हतात."

"उद्या पिवळी पेन्सिल आण," ताई म्हणाल्या आणि पत्ते वाटू लागल्या.

त्यांना आठ तलवारी आल्या. ताईंनी तो पत्ता हातातल्या बाकीच्या पत्त्यांतून थोडा वर ओढला आणि उजव्या डोळ्याजवळ नेला. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "हिच्या पायाशी पाणी आहे. चिखल झालाय. ते तू सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"घसरली असती की."

"बघून चालायचं," काकू म्हणाल्या.

ताईंनी मान हलवली. आठ तलवारी त्यांनी सात आणि नऊच्या मध्ये खोचल्या, पुढच्या दोन-चार फेऱ्यांत बाकीची पानं जुळवली, सगळे पत्ते ओळीनं टेबलावर उतरवले आणि कडेला समांतर करून ठेवले.

"रमी लागली," त्या म्हणाल्या. "वाट आता तू."